हिमनदीसमोरचा एक तास : अलास्काच्या क्रूझवर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अलास्काच्या सात दिवसांच्या क्रूझमध्ये बहुधा एक दिवस असा असतो, की जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही. वेळापत्रकात त्या दिवसापुढे 'सीनिक क्रूझिंग' एवढंच लिहिलेलं असतं. नवखे प्रवासी तो आरामाचा दिवस समजतात. उशिरा उठतात, नाश्ता रेंगाळत करतात आणि जहाज हिमनदीसमोर येऊन थांबलं की घाईघाईने वर येतात. तोवर कठड्याजवळ माणसांच्या दोन-तीन रांगा लागलेल्या असतात.

खरं तर सगळ्या सहलीत सर्वांत जास्त तयारी याच दिवसाला लागते. जहाज हिमनदीच्या तोंडाशी साधारण तासभर थांबतं आणि मग मागे फिरतं. त्या तासात तुम्हाला उघड्यावर, एका जागी, गप्प उभं राहता आलं पाहिजे. खाली जे काही लिहिलं आहे ते तेवढ्यासाठीच.

बुकिंगच्या वेळी : हिमनदी नक्की कुठली?

'अलास्का ग्लेशियर क्रूझ' एवढ्यावर समाधान मानू नका, कार्यक्रमपत्रिकेत जागेचं नाव बघा. सगळ्यात प्रसिद्ध आहे ते ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यान. दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना तिथे प्रवेश मिळतो, त्यामुळे सगळ्या कंपन्यांची सगळी जहाजं तिथे जात नाहीत. दुसरी मोठी जागा म्हणजे हबर्ड हिमनदी. लांबी सुमारे ७६ मैल, समुद्राला भिडलेलं तोंड जवळजवळ ६ मैल रुंद. बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ आणि २००२ मध्ये तिने शेजारच्या रसेल फियॉर्डचं (फियॉर्ड म्हणजे डोंगरांत खोल शिरलेली समुद्राची चिंचोळी फाट) तोंडच काही काळ बंद करून टाकलं होतं. मात्र तिच्यासमोर तरंगता बर्फ पुष्कळ असतो आणि किती जवळ जायचं हे कॅप्टन त्या दिवशी ठरवतो. कधी बरंच लांबून पाहावं लागतं, याची मनाची तयारी असू द्या.

अलास्काची राजधानी जुनो, तिच्याजवळचं ट्रेसी आर्म हे अरुंद फियॉर्डही बऱ्याच पत्रिकांत दिसायचं. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे प्रचंड दरड समुद्रात कोसळली आणि मोठ्या लाटा उसळल्या. त्यानंतर अनेक जहाजांनी शेजारच्या एंडिकॉट आर्मकडे, डॉज हिमनदीकडे मोर्चा वळवला. जुनी प्रवासवर्णनं वाचून बुकिंग करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पहिल्यांदाच जात असाल आणि निवड तुमच्या हातात असेल, तर मी ग्लेशियर बे सुचवेन. एकच हिमनदी पाहून परतायचं असं तिथे नसतं. अख्खा दिवस एका उपसागरातून आत जायचं आणि त्याच वाटेने बाहेर यायचं. पुढचं वर्णन तिथलंच आहे, पण कपडे, जागा आणि कॅमेऱ्याबद्दलच्या गोष्टी सगळीकडे लागू पडतात.

बाल्कनीची केबिन घ्यावी का? वयस्क माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर जरूर घ्या. पांघरूण गुंडाळून खुर्चीत बसता येतं, थंडी वाजली की दोन पावलांवर ऊब असते. बाकीच्यांनी या एका दिवसासाठी जास्त पैसे मोजू नयेत. उघडा डेक सगळ्यांचाच असतो आणि तिथून जास्त दिसतं. डावीकडची केबिन की उजवीकडची, यावर तर अजिबात डोकं शिणवू नका. जहाज आत जातं आणि त्याच पाण्यातून परत येतं, म्हणजे जाताना जो किनारा डावीकडे तोच येताना उजवीकडे. हिमनदीसमोरही जहाज जागच्या जागी हळूहळू वळवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं दिसतं.

आदल्या रात्री

दुसऱ्या दिवसाची पत्रिका केबिनमध्ये येते किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर दिसते. त्यातल्या तीन वेळा टिपून ठेवा : उद्यानाचे रेंजर (तिथले रक्षक-मार्गदर्शक) जहाजावर कधी येणार, हिमनदीसमोर कधी पोहोचणार आणि जहाजाचा पुढचा उघडा डेक प्रवाशांसाठी कधी खुला होणार. पुढचा डेक एरवी बंद असतो, काही जहाजांवर या दिवशी उघडतात. तिथे जायचा दरवाजा कुठल्या मजल्यावर आहे, हे रात्रीच पायी जाऊन बघून या. सकाळी शोधत बसलात तर जागा गेली.

घड्याळही तपासा. व्हँकुव्हर किंवा सिएटलपेक्षा अलास्काची वेळ एक तास मागे आहे. उपसागरात मोबाइलचं नेटवर्क जवळजवळ नसतंच, म्हणून फोनवरच्या घड्याळावर विसंबू नका, जहाजाची वेळ धरा.

कपडे खुर्चीवर काढून ठेवा. अंगालगत घाम शोषणारा पातळ थर, त्यावर लोकर किंवा फ्लीस, सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं टोपीवालं जाकीट. उन्हाळ्यातही तापमान १० ते १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. आकडा वाचून फारसं काही वाटत नाही, पण त्यात चालत्या जहाजाचा वारा मिसळतो आणि शेवटी बर्फावरून उतरणारा गार झोत येतो. कानटोपी हवीच. हातमोजे दोन जोड घ्या, एक जाड आणि आत एक पातळ, म्हणजे फोनसाठी दरवेळी बोटं उघडी पाडावी लागत नाहीत. जाड मोजे आणि न घसरणारे बूट घाला, डेक बहुतेक वेळा ओला असतो. छत्री नेऊ नका, वाऱ्यापुढे तिचा उपयोग शून्य. गॉगल मात्र न्या. ढगाळ दिवशीसुद्धा पाणी आणि बर्फ मिळून डोळे दिपवतात.

दुर्बीण माणशी एक असावी, असं मी आग्रहाने सांगेन. मोठी महागडी नको. सात किंवा आठ पटीची पुरे. दहा पटीच्या वर गेलात की डेकच्या थरथरीने चित्र हलतं. घरात मिळून एकच दुर्बीण नेली तर नेमका अस्वल दिसायच्या क्षणी ती दुसऱ्याच्या हातात असते.

सकाळी : रेंजर येतात

उपसागराच्या तोंडाशी बार्टलेट कोव्ह आहे, उद्यानाचं मुख्य ठाणं. तिथून एक छोटी बोट निघते, चालत्या जहाजाला चिकटते आणि दोरशिडीवरून रेंजर वर चढतात. हे पाहायला खालच्या, फेरी मारायच्या डेकवर लवकर येऊन उभे राहा, पाच मिनिटांत आटपतं. त्यांच्याबरोबर बऱ्याचदा हूना ट्लिंगिट समाजातले मार्गदर्शकही असतात.

ही या लोकांची मायभूमी. सुमारे १७५० च्या आसपास बर्फ समुद्रापर्यंत पुढे आला आणि त्यांना घरंदारं सोडून जावं लागलं. त्यांच्या भाषेत या जागेच्या नावाचा अर्थ 'हिमनदीच्या जागी झालेला उपसागर' असा आहे. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हच्या किनाऱ्यावर त्यांचं परंपरागत पद्धतीचं सामुदायिक घर पुन्हा उभं राहिलं. ते सांगत असतात तेव्हा ऐका. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर समोरचं पाणी नुसतं 'दृश्य' राहत नाही.

दिवसभर जहाजाच्या ध्वनिक्षेपकावरून रेंजरचं निवेदन चालू असतं. बाल्कनीत असाल तर केबिनच्या टीव्हीवरही ते लागतं का, ते बघा. प्रेक्षागृहात एखादं व्याख्यान असतं. ते सकाळी लवकर असेल तर जरूर ऐका, हिमनदीच्या वेळेला लागून असेल तर सोडा. मुलांसाठी 'ज्युनियर रेंजर' ही कामाची पुस्तिका मिळते. ती भरून दिली की रेंजर मुलांकडून शपथ म्हणवून घेतात आणि बिल्ला देतात. सात-आठ वर्षांच्या मुलाला दिवसभर डेकवर गुंतवून ठेवायला याहून चांगलं काही नाही. पुस्तिका सकाळीच मागून घ्या.

वर जाताना : किनाऱ्याकडे बघा

इथे बहुतेक लोक आत जाऊन बसतात. हिमनदी यायला अजून तीन-चार तास आहेत, मग बाहेर काय बघायचं? मला विचाराल तर दिवसाचा निम्मा अर्थ याच तासांत आहे.

१७९४ मध्ये जॉर्ज व्हँकुव्हर या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याच्या मोहिमेतल्या नौका इथे आल्या, तेव्हा उपसागर जवळजवळ नव्हताच. जेमतेम ५ मैलांची खाच आणि तिच्या टोकाला बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आला तोवर बर्फ ४० मैलांहून जास्त मागे गेला होता. आज तोंडापासून टोकापर्यंत साधारण ६५ मैल पाणी आहे. म्हणजे तुमचं जहाज जसजसं आत सरकतं, तसतशी किनाऱ्यावरची जमीन वयाने लहान होत जाते. सुरुवातीला स्प्रूस आणि हेमलॉकची काळीशार, दाट झाडी दिसते, त्या जमिनीवरचा बर्फ दोनशे वर्षांपूर्वी गेला. मग झाडं विरळ होतात, आल्डर आणि विलोची झुडपं सुरू होतात. पुढे नुसतं शेवाळ, गवताचे ठिपके. शेवटी उघडा, ओरखडे उठलेला खडक. खडकावरचे ते लांबच लांब समांतर चरे दुर्बिणीतून शोधा. बर्फात अडकलेल्या दगडांनी ते कोरलेले असतात.

उघड्या खडकावर जंगल कसं परत येतं, हे समजून घ्यायला विल्यम कूपर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१६ मध्ये इथे छोटे छोटे चौकोन आखून नोंदी सुरू केल्या. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाठपुरावा केला म्हणून १९२५ मध्ये ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून राखली गेली. राष्ट्रीय उद्यान १९८० मध्ये झालं.

प्राणीही याच वाटेवर दिसतात. उपसागराच्या खालच्या, म्हणजे तोंडाकडच्या भागात हंपबॅक देवमासे असतात. शेपटी शोधू नका, आधी पाण्यावर उठणारा फवारा शोधा, तो लांबूनही कळतो. देवमासे असतील तिथे उद्यानाच्या नियमाने जहाजाचा वेग कमी करावा लागतो. पाठीवर तरंगणारी समुद्री पाणमांजरं आधी लाकडाच्या ओंडक्यांसारखी वाटतात. साउथ मार्बल बेटावर स्टेलर सी-लायन (समुद्रसिंह) पसरलेले असतात. त्यांचा गलका आणि वासही वारा अनुकूल असेल तर पोहोचतो. त्याच बेटाच्या आसपास रंगीत चोचीचे पफिन पक्षी दिसतात. पुढे ग्लूमी नॉब नावाचा उघडा, करडा डोंगर येतो. त्याच्या कड्यांवर पांढरे ठिपके दिसले आणि ते हलले, तर त्या पहाडी बकऱ्या. बर्फाचे डाग हलत नाहीत, ओळखायची हीच खूण.

हिमकड्यासमोर

पोहोचायच्या वेळेआधी पाऊण तास तरी जागा धरा. त्याआधी खाऊन घ्या, स्वच्छतागृहात जाऊन या. ही गोष्ट मी अनुभवाने सांगते. पहिल्या खेपेला मी गरम कॉफी आणायला म्हणून पाचच मिनिटं आत गेले. कप भरत असताना बाहेरून एकदम माणसांचा आवाज उठला. धावत आले तेव्हा समोर हवेत पांढरा फवारा तरंगत होता आणि लाट जहाजाकडे येत होती. कडा कोसळून गेला होता. तेवढा मोठा तुकडा त्या दिवशी परत पडला नाही. आता मी झाकणाचा थर्मास बरोबर ठेवते. काही जहाजांवर डेकवरच वाटाण्याचं गरमागरम सूप देतात. ते मिळालं तर जागा न सोडता घ्या.

कागदी रुमाल, प्लास्टिकचे पेले, वेष्टनं बाहेर आणू नका. वाऱ्याने उडालेली एक पिशवीसुद्धा पाण्यात गेली की परत काढता येत नाही. टोपीला बंद असू द्या. ड्रोन उडवायला राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे. जमिनीवर उतरवत नाहीत, सगळं जहाजावरूनच.

उपसागराचा आत शिरलेला चिंचोळा फाटा म्हणजे इनलेट; त्यातल्या टार इनलेटच्या टोकाला दोन हिमनद्या शेजारी शेजारी आहेत. नजर लगेच जाते ती मार्जरीकडे : निळसर पांढरी, टोकदार सुळक्यांची, सुमारे मैलभर रुंद. ती माउंट रूटच्या उतारावरून निघून २१ मैल वाहत इथे येते. शेजारची ग्रँड पॅसिफिक मात्र दगडमातीने इतकी झाकलेली आहे, की पहिल्या नजरेला दरड कोसळलेला डोंगरच वाटतो. बहुतेकांना ती हिमनदी आहे हे कळतच नाही. पण हा सगळा उपसागर कोरणाऱ्या त्या जुन्या बर्फाचा ती अवशेष आहे, तेव्हा पाच मिनिटं तिलाही द्या.

मार्जरीचा कडा पाण्यावर सुमारे २५० फूट आहे, म्हणजे अंदाजे पंचवीस मजली इमारतीएवढा. डोळ्यांना हे पटत नाही, कारण शेजारी मापाला काहीच नसतं. कड्याजवळ घिरट्या घालणारे पांढरे पक्षी दुर्बिणीतून बघा. ते किटिवेक आहेत, समुद्रपक्षीच. ते कणाएवढे दिसतात, तेव्हा कुठे उंची ध्यानात येते.

निळा रंग कुठून येतो, हा प्रश्न डेकवर हमखास निघतो. वरच्या डोंगरांवर पडलेला बर्फ वर्षानुवर्षं एकावर एक दाबला जातो, त्यातली हवा बरीचशी निघून जाते आणि स्फटिक मोठे, घट्ट होतात. असा दाट बर्फ प्रकाशातला तांबडा भाग शोषतो आणि निळा बाहेर पडतो. नुकतंच कोसळलं असेल तिथली जखम सगळ्यात निळी दिसते. ढगाळ दिवशी हा रंग जास्त खुलतो, म्हणून आभाळ भरून आलं तर हिरमुसू नका.

आता कडा कोसळण्याबद्दल. याला सगळे 'काव्हिंग' म्हणतात. गाय विते, त्यासाठीचाच तो इंग्रजी शब्द आहे. तो होईल की नाही, कधी होईल, कुठे होईल, कोणी सांगू शकत नाही. पण एक युक्ती आहे. सगळ्या कड्यावर नजर फिरवत राहू नका. जिथून बारीक चुरा, खडे घरंगळताना दिसतात, तिथे डोळे लावा. आवाज ऐकून मान वळवलीत तर उशीर होतो, कारण आवाजाला एक किलोमीटर यायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. आधी बर्फ निसटताना दिसतो, अगदी निःशब्द, सावकाश. तो पाण्यात शिरतो आणि मग गडगडाट येऊन आदळतो. ट्लिंगिट लोक याला 'पांढरी मेघगर्जना' म्हणतात. वळवाच्या पावसाआधी ढग गडगडतात ना, तसाच तो आवाज छातीत जाणवतो.

आणि मधल्या शांततेतही ऐकत राहा. जहाज स्थिर झालं, निवेदन थांबलं, की खालून पाण्यातून बारीक तडतड ऐकू येते, लाह्या फुटाव्यात तशी. तरंगणारे बर्फाचे तुकडे विरघळत असतात आणि त्यांच्यात कोंडलेली जुनी, दाबलेली हवा एकेक बुडबुड्याने सुटत असते. मी पहिल्यांदा हा आवाज ऐकला तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईंनी ओठांवर बोट ठेवून खाली पाण्याकडे खूण केली होती. पुढची दहा मिनिटं आम्ही दोघी कठड्यावर वाकून नुसत्या ऐकत होतो. तुमच्या आसपास कोणी मोठ्याने बोलत असेल तर नम्रपणे थोडा वेळ शांत राहायला सांगा, ऐकतात लोक.

बर्फाच्या लाद्यांवर सील पहुडलेले दिसतील, उन्हाळ्याच्या सुरुवातीला पिलांसकट. त्यांच्याचसाठी शेजारचं जॉन्स हॉपकिन्स इनलेट मे ते ऑगस्ट क्रूझ जहाजांना बंद असतं. ते पाहायचं असेल तर सप्टेंबरची सफर घ्यावी, मात्र पाऊस जास्त गृहीत धरून.

फोटोबद्दल थोडंसं

बर्फाचे फोटो करडे येतात, कारण कॅमेरा पांढऱ्याला घाबरून उजेड कमी करतो. एक्स्पोजर थोडं वाढवा. फोनवर बर्फावर बोट टेकवून उजेडाची खूण किंचित वर सरकवली की झालं. गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, पॉवर बँक जाकिटाच्या आतल्या खिशात अंगालगत ठेवा. थंडीतून एकदम उबदार केबिनमध्ये गेलात तर भिंगावर बाष्प धरतं. कॅमेरा आत नेण्याआधी बंद पिशवीत घाला आणि अर्धा तास तसाच राहू द्या. काव्हिंगचा व्हिडिओ हवा असेल तर बर्फ पडायला लागल्यावर बटण शोधू नका, एकाच जागेवर रोखून चालू ठेवा आणि तुम्ही स्वतः पडद्यावरून बघू नका, समोर बघा. तासातली निदान वीस मिनिटं फोन खिशात असावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

परतीच्या वाटेवर

जहाज वळलं की डेक झपाट्याने रिकामा होतो. थांबा. वाटेत लॅम्प्लू हिमनदी लागते, मला ती मार्जरीहून जास्त निळी वाटली. रीड इनलेटमधली रीड हिमनदीही दिसते. गर्दी नसल्यामुळे आता रेंजरना निवांत प्रश्न विचारता येतात. सकाळी न समजलेली गोष्ट याच वेळी विचारा, ते मनापासून सांगतात.

थकवा आलेला असतो, दुपारी तासभर झोपलात तरी चालेल. पण संध्याकाळी बार्टलेट कोव्हशी रेंजर शिडीवरून उतरून बोटीत बसले, की जाकीट कपाटात टांगू नका. उपसागराबाहेर आइसी स्ट्रेटचं पाणी लागतं आणि उन्हाळ्यात हंपबॅक तिथे चरायला जमतात. जूनमध्ये उजेड रात्री उशिरापर्यंत असतो. जेवण लवकर उरका आणि दुर्बीण घेऊन पुन्हा खालच्या डेकवर या.